ड्रेसाजच्या घोडीला मजेपुरतं जम्पिंग शिकवायचं आहे, सुरुवात कशी करू?

काटोलरोडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

माझी घोडी झेलम, थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात), वय १२, उंची १५.२ हँड (एक हँड म्हणजे चार इंच). रेसमधून लवकर रिटायर झाली आणि तेव्हापासून फक्त ड्रेसाज, म्हणजे रिंगणातल्या ठरलेल्या चाली, करून राहिली आहे. शोल्डर-इन, हाफ-पास या तिरप्या चाली, काउंटर कॅन्टर (मुद्दाम उलट्या लीडवरची संथ दौड; लीड म्हणजे दौडीत पुढे पडणारा पाय) सगळं येते, फ्लाइंग चेंज (दौडतानाच लीड बदलणं) मूड असला तर देते. प्रॉब्लेम असा की बाई कंटाळल्या आहेत. टेस्ट (स्पर्धेतला चालींचा क्रम) तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, सेंटर लाइनवर वळलो की एक्सवर (रिंगणाच्या मध्यबिंदूवर) मी न सांगता आपोआप उभी राहते आणि वरून मान वळवून बघते की झालं का आता. रिंगणात शिरतानाच चेहरा पडलेला. पण तीच घोडी बाहेर नागपूरच्या गोरेवाड्याच्या बाजूला हॅकला (मोकळ्या फेरफटक्याला) नेली की कान पुढे, पाऊल लांब, मध्ये एक छोटी नाली लागते ती चालत ओलांडायच्या ऐवजी मस्त गोळा होऊन उडी मारून जाते आणि पुढे दहा पावलं स्वतःवरच खुश असते.

तर म्हटलं हिला थोडं जम्पिंग दाखवावं. स्पर्धा-बिर्धा काही नाही, ५०-६० सेंमीच्या वर जायचं नाही. मी स्वतः कॉलेजात असताना उड्या मारलेल्या आहेत, पण त्याला जमाना झाला. आमचे कोच पक्के ड्रेसाजवाले, ते म्हणाले कर बापा तुला काय करायचं ते, मी त्या दिवशी येणार नाही.

रिंगण २० बाय ४० मीटर, रेती आहे. पोल (घोड्याने ओलांडायच्या लाकडी दांड्या) नाहीत, ते टेकवायचे स्टँड नाहीत, सॅडल ड्रेसाजचं. कुठून सुरू करू? आणि खरंच तिचं ड्रेसाज बिघडेल का?

सरळ_रेषा

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बारा वर्षांची घोडी, इतकी मेहनत करून बॅलन्स आणलेला, तिला आता पोलवरून पळायला शिकवायचं कशाला? एकदा का उडीची चटक लागली की कॅन्टर सपाट होतो, घोडी हातातून निसटते, कोपऱ्यात खांदा टाकते. मी असे दोन घोडे पाहिले आहेत, उड्यांची लाइन दिसली की धावत सुटायचे.

आपल्याकडे ड्रेसाजला आत्ता कुठे चांगले दिवस आले आहेत. २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ड्रेसाज टीमने गोल्ड आणलं, घोडेस्वारीत १९८२ नंतरचं पहिलं, अनुष अग्रवालाने वर वैयक्तिक ब्राँझ पण घेतलं. तेव्हा कुठे घरच्यांना कळलं की आपण सकाळी उठून काय करतो. आणि तुम्ही ड्रेसाजची तयार घोडी उड्यांना लावून राहिल्या. कंटाळली असेल तर टेस्ट रिपीट करू नका, नवीन मूव्हमेंट शिकवा, हॅकला जास्त न्या.

नवशिका_संत्रा

माफ करा, मध्येच विचारतो. ड्रेसाज म्हणजे ते घोडा नाचवतात तेच न? लग्नात असते तसं?

खडकीकर

@नवशिका_संत्रा 😄 नाही हो. वरातीतल्या घोड्याला तोंडात काटेरी लगाम आणि ढोलाचा धाक असतो. ड्रेसाजमध्ये २० बाय ६० किंवा २० बाय ४० मीटरच्या रिंगणात, कडेला इंग्रजी अक्षरं लावलेली असतात, त्या खुणांवर ठरलेल्या चाली करायच्या आणि जज मार्क देतात. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की स्वार नुसता बसलाय. तो नुसता बसलेला नसतो, घाम गळत असतो.

रिसाला_रिटायर्ड

सरळ_रेषा भाऊ, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घोडा धावत सुटतो तो उडीमुळे नाही, उडी घाईने शिकवल्यामुळे. आमच्या वेळी युनिटमध्ये एकच घोडा सकाळी स्कूलिंग करे, संध्याकाळी जंप करे, रविवारी टेंट पेगिंगला (दौडत भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायचा खेळ) जाई, कोणाचं काही बिघडलं नाही. इव्हेंटिंगचा घोडा बघा न, पहिल्या दिवशी ड्रेसाज, मग क्रॉस कंट्री, मग शो जम्पिंग. आपला फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकला हेच तर करून आला. आणि ड्रेसाजवाल्यांचा देव माणूस रायनर क्लिमके, १९८४ ला लॉस एंजलिसमध्ये आलेरिखवर गोल्ड घेणारा, तो १९६० च्या रोम ऑलिंपिकला इव्हेंटिंगचा स्वार म्हणून गेला होता. ड्रेसाजच्या घोड्यांना कॅव्हलेटीवरून (जमिनीलगतच्या बुटक्या दांड्या) नेणं हा त्याचा रोजचा पाठ. त्याची मुलगी इनग्रिड तर दोन्ही खेळ खेळते. तेव्हा घोडी खराब होईल ही भीती काढून टाका.

आता काटोलरोडकर ताई, तुमचं. उडी म्हणजे काय, तर कॅन्टरचंच एक मोठं पाऊल. ५० सेंमीला तुमच्या घोडीला फार काही वेगळं करावं लागत नाही. तिच्याकडे लय आहे, सरळपणा आहे, हाफ-हॉल्ट (क्षणभर आवरायचा इशारा) ऐकते. शिकायचं तिला कमी आहे, तुम्हाला जास्त आहे, ते पुढे सांगतो.

पहिले फक्त जमिनीवर एक पोल. चालत त्याच्यावरून न्या, दोन्ही बाजूंनी, रिन (लगाम) लांब सोडून, तिला मान खाली घालून बघू द्या, हुंगू द्या. मग ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत). एकाचे डायरेक्ट तीन करा, दोन ठेवू नका. दोन पोल बघितले की बरेच घोडे त्याला एक रुंद वस्तू समजून दोन्ही एकदम उडून जातात. ट्रॉटला पोलमधलं अंतर सव्वाचार फुटाच्या आसपास, म्हणजे १.३ मीटर. १५.२ ची घोडी आणि त्यातून कलेक्टेड (अंग गोळा करून, आखूड पावलं टाकत) चालणारी, तिला चार फूटसुद्धा लागेल, बघून कमी-जास्त करा. पाय पोलच्या बरोबर मध्ये पडला पाहिजे. साधं चालताना पावणेतीन फूट, कॅन्टरला नऊ ते दहा फूट.

आणि एक, पोल सेंटर लाइनवर ठेवू नका. एक्सवर थांबायची सवय आहे म्हणता न, ती पोलच्या वर उभी राहील. क्वार्टर लाइनवर (सेंटर लाइन आणि कडेच्या मधोमध) ठेवा किंवा लांब बाजूला, कडेपासून आत.

पेंड_कोंडा

ताई पोलचं टेन्शन नका घेऊ, लकडगंजले जा, टिंबर मार्केटमधी निलगिरीची बल्ली भेटते, दहा-बारा फुटाची, मनगटाच्या दुप्पट जाडीची, सरळ पाहून घ्या अन् साल काढून रंधा मारून घ्या. बांबू अजिबात नका घेऊ, फुटला की भाल्यासारखा टोकदार होते. पीव्हीसी पाइप पण नको, हलका राह्यते, वाऱ्यानं सरकते, टाप पडली की तडकते अन् घोड्याले त्याची इज्जत बी राहत नाही.

जमिनीवरचे पोल गोल असले तं घोड्याचा पाय पडला की लोळते, पाय मुरगळते. आम्ही काय करतो, दोन्ही टोकाखाली रेती लावून जाम करतो, नाहीतर जुना टायर मधून कापून अर्धा खाली ठेवतो. रंग पांढरा अन् निळा द्या. लोकं शोभा म्हणून लाल-हिरवा देतात, पण घोड्याले लाल अन् हिरवा वेगळा दिसत नाही.

खडकीकर

रंगाचं अगदी खरं. घोड्याला आपल्यासारखे तीन रंग दिसत नाहीत, निळा-पिवळा दिसतो, लाल-नारिंगी-हिरवा एकमेकांत मिसळतो. ब्रिटनमध्ये रेसकोर्सवरच्या हर्डलच्या नारिंगी पट्ट्या पांढऱ्या केल्या त्या याच कारणाने. आणि नाकासमोर अगदी जवळचं त्याला दिसतच नाही, म्हणजे टेक-ऑफच्या क्षणी पोल त्याच्या नजरेतून गेलेला असतो, आधी पाहिलेलं लक्षात ठेवून तो उडतो. म्हणून लांबून मान मोकळी पाहिजे. ड्रेसाजमध्ये मान वर आणि चेहरा उभा ठेवायची सवय, त्याच फ्रेममध्ये पोलवर आणलीत तर तिला अंतर कळणार कसं?

टापडॉक

सगळे पोल-रंग-अंतर बोलून राहिले, घोडीचे पाय कोणी विचारले नाही. सेमिनरी हिल्सच्या कॉलेजातून शिकलोय, घोड्यांचं काम करतो, म्हणून बोलतो.

रेसमधून आलेली आहे, म्हणजे पुढच्या पायाचे टेंडन पहिले बघा. जुनी सूज, जाडी, काही असेल तर बोटाने लागते, दोन्ही पाय एकाच वेळी हातात धरून तुलना करा. ड्रेसाजच्या घोड्याचा भार मागच्या पायांवर जास्त पडतो, हॉक (मागच्या पायाचा मोठा सांधा) आणि मागचा सस्पेन्सरी लिगामेंट. उडीत उतरताना सगळा भार एकेका पुढच्या पायावर येतो. म्हणजे आतापर्यंत जे कमी वापरलं ते आता वापरणार आणि जे थकलेलं आहे त्याने टेक-ऑफला ढकलणार. व्हेटला बोलावून फ्लेक्शन टेस्ट करून घ्या, सांधा मिनिटभर दुमडून धरायचा आणि लगेच ट्रॉटमध्ये पळवून बघायचं. पाठीवर सॅडलच्या मागे दाबून बघा, दबते का, चिडते का.

नालबंद कधी आला होता? पाच-सहा आठवड्यांच्या वर गेलं असेल तर आधी नाल. खुराचा पुढचा भाग लांब वाढला की पाय उचलायला उशीर होतो, टेंडनवर ताण येतो, आणि सैल नाल असताना तर पोलच्या जवळ पण जाऊ नका.

"कंटाळली आहे" याच्याबद्दल पण एक शंका. रिंगणात चेहरा पाडणं, मूव्हमेंटच्या आधी कान मागे घेणं, हे कधी कधी कंटाळा नसते, दुखणं असते. बाहेर खुश असते म्हणता तर बहुतेक कंटाळाच असावा, पण तपासून मगच म्हणा.

काटोलरोडकर

डॉक्टर साहेब, तुमचं वाचून लगेच व्हेटला बोलावलं. पाय स्वच्छ, फ्लेक्शनला डाव्या हॉकला अगदी किंचित लंगडली, दोन-तीन पावलात मोकळी झाली, वयाच्या मानाने चालेल म्हणाले. पाठ ठीक. नालबंद काका पण येऊन गेले, पुढचे टोक घेतले.

@पेंड_कोंडा भाऊ, लकडगंजला गेली होती. दुकानदार म्हणे मॅडम स्लॅब कितीचा आहे 😅 घोड्यासाठी म्हटल्यावर त्याने स्वतः उन्हात उभं राहून सरळ बल्ल्या निवडून दिल्या.

आता सॅडल. ड्रेसाज सॅडलमध्ये स्टिरप (रिकीब) वर घेतले तर गुडघा फ्लॅपच्या बाहेर जातो. चालवून घेऊ का?

खडकीकर

जमिनीवरच्या पोलपर्यंत चालवा. उडीला नाही. त्याची सीट खोल, फ्लॅप सरळ आणि लांब, तुम्हाला तीन-चार भोकं स्टिरप वर घ्यायचे आहेत, गुडघ्याला जागाच नाही, आणि उडीत सीटमधून उठायला गेलात की मागची कड तुम्हाला पुढे ढकलते. कुणाचं जनरल पर्पज सॅडल उधार मागा, पण तिच्या पाठीवर बसतं का ते बघून. दुसऱ्याचं सॅडल खांद्यावर चिमटा घेत असेल तर ती उडी मारायला नाही म्हणेल आणि तुम्ही म्हणाल घोडी भित्री.

बाकी सामान: साधा स्नॅफल (सौम्य लगाम). डबल ब्रायडल (दोन लगामांचा) वापरत असाल तर तो खुंटीलाच राहू दे. ड्रेसाजची लांब काठी पण घरी, टेक-ऑफला ती नकळत पार्श्वभागावर लागते, जम्पिंगच्या नियमात तर ७५ सेंमीच्या वर काठी चालतच नाही. गळ्यात एक जुना स्टिरप लेदर बांधा, नेक स्ट्रॅप म्हणून. हेल्मेट तुम्ही घालत असालच, मिळालं तर बॉडी प्रोटेक्टर पण घाला.

नेक स्ट्रॅप ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हसू नका. ड्रेसाजच्या स्वाराचा हात कॉन्टॅक्ट (लगामाचा हलका ताण) सोडायला तयारच नसतो, वर्षानुवर्षं तेच केलेलं असतं. पहिल्या दोन-चार उड्या घोडी गरजेपेक्षा दुप्पट उंच मारणार, तुम्ही मागे राहणार, हात वर जाणार आणि तोंडाला हिसका बसणार. दोनदा तसं झालं की तिच्या डोक्यात पक्कं, उडी मारली की तोंड दुखते. मग पुढच्या वेळी थांबणार नाहीतर मान वर करून धावणार. म्हणून पोलच्या दोन पावलं आधी बोट नेक स्ट्रॅपमध्ये अडकवा किंवा आयाळ पकडा, त्यात लाज नाही.

रिसाला_रिटायर्ड

हेच मी म्हणालो होतो पुढे सांगतो. खडकीकरांनी माझं काम वाचवलं. फक्त जोडतो: आधी सपाटीवर टू-पॉइंटमध्ये (बूड सॅडलवरून उचलून) ट्रॉट, कॅन्टर, सर्कल करा. वजन टाचेत, हात मानेवर, नजर समोरच्या झाडावर. ड्रेसाजची घोडी सीटवर चालते, तुमचं बूड सॅडलवरून उठलं की तिला वाटेल सिग्नलच गेला, एकतर मंदावेल नाहीतर गोंधळेल. तिला आधी ही नवीन भाषा शिकवा, पिंढरीने पुढे, आवाजाने हळू. पोल नंतर.

काटोलरोडकर

अपडेट! पोलवर नेलं. एक पोल, चालत, हुंगून, फुर्र करून, काही नाही. ट्रॉटमध्ये एक पोल, काही नाही. मग तीन ठेवले आणि बाईंनी पॅसाज (पाय उंच उचलून तरंगल्यासारखा ट्रॉट) सुरू केला. खरंच! जी घोडी कोच जीव तोडून सांगतात तेव्हा ट्रॉटमध्ये एक इंच वर उठत नाही, ती प्रत्येक पोलवर पाय हवेत धरून, थांबून, पुढचा पाय टाकत होती, शेपटी वर. आमचा सईस कुंपणावर बसून हसून हसून पडायचा बाकी होता. कोच त्या दिवशी "चुकून" तिथेच होते, काही बोलले नाहीत पण मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

पण त्यात पुढे जाण्याची हवा कमी होती, तिसऱ्या पोलला मध्ये दोन पावलं टाकली. काय करू?

रिसाला_रिटायर्ड

ती तुमच्या हाताला विचारून राहिली की कलेक्ट करू का. रिन सोडा, रायझिंग ट्रॉट (पावलागणिक उठत-बसत) करा, पोलच्या आधी दहा पावलं मोकळा पुढे जाणारा ट्रॉट. अंतर चार फुटावर आणा, आणि जमलं की हळूहळू वाढवा. पोल उचलू नका अजून.

मग क्रॉस, म्हणजे दोन पोल फुलीसारखे. दोन्ही टोकं दीडेक फुटावर, मध्ये गुडघ्याच्या खाली. क्रॉसचा फायदा हा की मधला भाग सगळ्यात खाली, घोडा आपोआप मध्यभागी येतो. त्याच्या आठ ते नऊ फूट आधी एक पोल जमिनीवर, ट्रॉटने यायचं, त्या पोलवरून पाऊल टाकलं की टेक-ऑफची जागा तिला आपोआप मिळते, तुम्हाला काही मोजायचं नाही. तुमचं काम फक्त सरळ आणणं, तेवढं तुम्हाला सगळ्यांपेक्षा चांगलं येते. उतरल्यावर लगेच खेचू नका, सरळ जाऊ द्या, मग कोपऱ्यात हळूच ट्रॉट.

आता एक गंमत जी फक्त ड्रेसाजच्या घोड्यात दिसते. उडी मारून ती चुकीच्या लीडवर उतरली तर साधा जम्पिंगचा घोडा कोपरा आला की बॅलन्स जातो म्हणून स्वतःच पाय बदलतो. तुमची बदलणार नाही. तिला काउंटर कॅन्टर शिकवलेला आहे, ती शिस्तीत उलट्या लीडवर कोपरा घेईल आणि वरून शाबासकी मागेल. तुम्ही लगेच फ्लाइंग चेंज मागायला जाऊ नका, उडीनंतर ती तापलेली असते, मोठा कल्ला होतो. ट्रॉटमध्ये आणा, योग्य लीड घ्या, पुढे चला.

सरळ_रेषा

काउंटर कॅन्टरवालं वाचून हसलो, मान्य. पॅसाजचा व्हिडिओ टाका ताई, तो बघायचा आहे.

तरी माझा एक मुद्दा राहतोच. आठवड्यात किती वेळा करणार? लोक सुरुवात क्रॉसने करतात आणि चार महिन्यांनी मीटरच्या गप्पा मारतात. अशी घोडी दुसऱ्यांनी बघितली की "क्षमता आहे हो" म्हणून उंची वाढवत नेतात, आणि बाराव्या वर्षी तिचं आयुष्य बदलतात.

टापडॉक

उंचीबद्दल सरळ_रेषा यांच्याशी १००% सहमत. आठवड्यातून एकदा, पोल धरून वीसेक मिनिटं, त्यात खऱ्या उड्या दहा-पंधराच्या वर नको. चांगली झाली की तिथेच उतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पायावर हात फिरवा, गरम किंवा भरलेला वाटला तर सुट्टी. नेहमी एकाच बाजूला सरकून राहिली, नेहमी एकाच लीडवर उतरून राहिली, एकाच पायाने पोल पाडून राहिली, तर ट्रेनरला नंतर, आधी मला फोन.

खडकीकर

उंचीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. उंच उडीचा जागतिक विक्रम अजून १९४९ चाच आहे, चिलीमध्ये, २.४७ मीटर, घोडा हुआसो, तो पण थरोब्रेड, वय १६. रेसमध्ये चालला नाही, ड्रेसाजला लावून पाहिला, शेवटी जम्पिंगला आला. झेलमला हे वाचून दाखवू नका म्हणजे झालं.

पेंड_कोंडा

स्टँडचं सांगायचं राहूनच गेलं. वेल्डरकडून अँगलचे बनवून घेणार असान तं त्याच्या डोक्यात पहिले हे घाला का पोल पडाले पाहिजे. मी एका तबेल्यात पाह्यलं, नाव नाही सांगत, त्यानं पोल ठेवाले इंग्रजी यू सारखा खोल हुक लावला, मजबूत पाहिजे म्हणून. घोड्याचा पाय लागला तं पोल निघालाच नाही, अख्खा स्टँड घेऊन घोडा खाली. कप उथळ पाहिजे, बशीसारखा, टाप लागली का पोल लोळून गेला पाहिजे. ज्या कपात पोल नाही तो रिकामा कप काढूनच टाका, लोंबकळत नका ठेवू, पोटाले लागते. अँगलच्या कडा ग्राइंडरने गोल करून घ्या, वरून जुन्या पाइपची टोपी.

निळे ड्रम पण मस्त राह्यतात, दोनशे लिटरवाले, आडवे टाकून वर पोल. पण पुढून-मागून पोल लावून जाम करा, लोळला तं कल्याण.

काटोलरोडकर

वेल्डरला बशी दाखवून समजावलं, शब्दशः. घरून नेली होती.

आणि क्रॉस झाला! पहिल्या वेळी ट्रॉटने आली, बघितलं, आणि तीन फूट उडाली, मी आयाळ धरून होती म्हणून राहिली. दुसऱ्यांदा दोन फूट. चौथ्या-पाचव्यांदा कुठे तिला कळलं की एवढं करायची गरज नाही, आणि मग इतकी गोल, शांत उडी मारली की सईस म्हणाला "मॅडम, हे तर कॅन्टरच आहे." तिथेच उतरली. कान अख्खा वेळ पुढे.

डावीकडे थोडी सरकते. आणि ऊन्हाचं काय? आता थंडी आहे तर ठीक, सकाळी घोडी ताजी, उतरताना एकदा बक पण केला आनंदात. पण मार्चनंतर?

रिसाला_रिटायर्ड

सरकण्यासाठी क्रॉसच्या पुढे जमिनीवर दोन पोल इंग्रजी व्ही (V) सारखे ठेवा, तोंड तुमच्याकडे उघडं, ती आपोआप मधून येईल. उतरायच्या बाजूला पण दोन समांतर ठेवा. हाताने ओढून सरळ करायला जाऊ नका. आणि डॉक्टरांनी डाव्या हॉकचं लिहिलं ते लक्षात ठेवा, पोल लावूनही तसंच सरकली तर कारण पायात शोधा.

टापडॉक

बरोबर. हॉकवर लक्ष ठेवा.

ऊन्हाचं: नागपूरच्या उन्हाळ्यात घोड्याला उडी, माझ्या मते एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत बंदच. पारा ४५ च्या वर जाते, सकाळी सहालाच हवा तापलेली असते. पायाला निओप्रिनचे बूट बांधून काम केलं की टेंडन आत उकडून निघतो, बूट काढल्या काढल्या हात लावून बघा, कळेल. मार्चमध्ये करायचं तर पहाटे साडेपाचला, थोडकं, आणि नंतर पाणी सतत ओतत राहा, अंगावर, मानेवर, पायांच्या मध्ये, घोडा गार होईपर्यंत. पाण्यात मीठ-इलेक्ट्रोलाइट वेगळ्या बादलीत, साध्या पाण्याची बादली बाजूला असलीच पाहिजे, नाहीतर ती चव आवडली नाही म्हणून पीतच नाही.

सरळ_रेषा

आणि जमीन. उन्हाळ्यात रेती कोरडी होऊन खोल जाते, तिच्यात उडी म्हणजे टेंडनचं वाटोळं. टँकर मारल्याशिवाय करू नका. पावसाळ्यात रेतीखालची काळी माती वर आली की तिथे खूर रुतून बसतो. खुराचा ठसा स्पष्ट उमटतो पण आत बुडत नाही, तेवढी जमीन हवी. (होय, मी सल्ले देऊन राहिलो. ड्रेसाजला पण हीच जमीन लागते.)

नवशिका_संत्रा

हे सगळं वाचून मला शिकायचंय. नागपुरात कुठे?

खडकीकर

@नवशिका_संत्रा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे भांडण लागेल कुठला तबेला चांगला यावरून. तोवर जवळच्या कुठल्याही तबेल्यात सकाळी जाऊन नुसतं बघा, घोड्यांची पाठ आणि टापा कशा आहेत, पाण्याची बादली स्वच्छ आहे का, सईस घोड्याशी कसा बोलतो. अर्धं उत्तर तिथेच मिळते.

@काटोलरोडकर पुढची पायरी: क्रॉसनंतर १८ फुटावर एक छोटा सरळ पोल, ५० सेंमी. ट्रॉटने क्रॉस, मध्ये एक कॅन्टरचं पाऊल, दुसरी उडी. सरळ पोलला ग्राउंड लाइन द्या, म्हणजे एक पोल जमिनीवर, टेक-ऑफच्या बाजूला किंचित पुढे ओढून. उडीच्या मागे कधीच नाही, घोडा तळ बघून अंतर ठरवतो, फसतो. आणि एकटीने करू नका, कुणीतरी खाली उभं पाहिजे.

काटोलरोडकर

१८ फूट टेपने मोजून चुन्याची खूण केली आहे. खाली उभे राहायला कोच तयार झाले. म्हणाले मी फक्त पोल उचलायला येतो, बाकी काही बघणार नाही. व्हिडिओ मात्र त्यांनीच मागितला.

@पेंड_कोंडा भाऊ, अजून चार बल्ल्या लागतील.

पेंड_कोंडा

शनिवारी टेम्पो हिंगण्याकडून येणारच आहे, तुमच्यासाठी टाकून देतो. रंध्यासहित. गेटवर कोणी तरी ठेवा, मागच्या वेळी तुमचा वॉचमन म्हणे इथं बांधकाम चालू नाही, परत जा.